नातलग नसलेले छायाचित्र

भिंतीवर टांगलेला फोटो दिसला की मराठी माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो 'हा कोणाचा?' असा. आजोबांचा, लग्नातला, शाळेतल्या वर्गाचा, पंढरीच्या विठोबाचा, असे काहीतरी उत्तर मिळाले की आपले समाधान होते. षष्ठी विभक्तीवाचून फोटो ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. मग जो फोटो कोणाचाच नाही, ज्यात ओळखू येईल असा माणूस, देव, घर किंवा झाड नाही, नुसता उजेड, सावली, रेषा आणि पोत आहे, त्याचे काय करावयाचे? असे फोटो शंभराहून अधिक वर्षे काढले जात आहेत, जगातील मोठी संग्रहालये ते जपून ठेवीत आहेत आणि काही रसिक त्यांच्यासाठी मोठ्या रकमा मोजीत आहेत. हा नुसता छंदिष्टपणा आहे की यात काही समजून घेण्याजोगे आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या मुंबईत आणि अलिबागजवळच्या किनाऱ्यावर घडलेले असल्यामुळे हा विषय वाटतो तितका परका नाही.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते. लगोलग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ही विद्या शिकविण्याचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार पुढे आले. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची छायाचित्रे दोन भागांत १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केली. पुढे पुराणवस्तुखात्याच्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनची जुनी देवळे पालथी घातली. १९३१ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात आपल्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आणि भीमेकाठच्या पेडगावचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ यांना स्थान मिळाले आहे. या सर्व उद्योगात फोटोकडे काम होते ते साक्षीदाराचे. माणूस असा दिसत होता, देऊळ असे उभे होते, एवढे त्याने शपथेवर सांगावे, अशी अपेक्षा होती आणि त्याने ती उत्तम रीतीने पार पाडली.

परंतु या साक्षीदाराच्या अंगी जन्मापासूनच आणखी एक गुण होता. इंग्लंडातील टालबट याने आपल्या आरंभीच्या प्रयोगांत चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर झाडाची पाने आणि जाळीदार लेस ठेवून तो कागद उन्हात धरला. जेथे ऊन पडले तेथे कागद काळवंडला आणि जेथे वस्तूची सावली होती तेथे तो पांढरा राहिला. येथे कॅमेरा नाही, भिंगही नाही. प्रकाशाने स्वतःच्या हाताने काढलेले हे चित्र होते. वस्तूची ओळख पटविण्यापेक्षा उजेड आणि अंधार यांची गाठ घालणे हे या कलेचे मूळ, ही गोष्ट तेव्हाच दिसून आली होती. तिच्याकडे कलावंतांचे लक्ष जाण्यास मात्र पाऊणशे वर्षे लागली.

१९१६ साली अमेरिकेतील पॉल स्ट्रँड याने घरातील वाडगे आणि ओसरीवर पडलेल्या सावल्या इतक्या जवळून टिपल्या की वाडगा हरपला आणि वळणे तेवढी उरली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ऑल्व्हिन लँग्डन कोबर्न याने तीन आरसे त्रिकोणात जोडून त्यांतून फोटो काढले. त्यांत स्फटिकासारखे कोन दिसतात आणि मूळ वस्तूचा पत्ता लागत नाही. १९२२ साली आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा नाणावलेला छायाचित्रकार ढगांकडे वळला. त्याच्या व्यक्तिचित्रांतील बळ हे समोर बसलेल्या माणसांवर तो घालीत असलेल्या मोहिनीचे फळ आहे, असे एका टीकाकाराने लिहिले होते. ढगांवर कोणाची मोहिनी चालणार? स्टीग्लिट्झने आपल्या पहिल्या दहा मेघचित्रांच्या मालिकेला 'संगीत' असे नाव दिले. आपल्याकडील श्रोत्याला यातील मर्म चटकन उमगावे. आलापात शब्द नसतात. 'हे गाणे कशाविषयी आहे?' असे तेथे कोणी विचारीत नाही; तरीही बैठकीतील माणसे माना डोलावतात, क्वचित डोळेही पुसतात. जी सूट आपण कानाला शतकानुशतके देत आलो, ती डोळ्याला का देऊ नये, एवढेच स्टीग्लिट्झचे मागणे होते.

या कथेत एका आशियाई विद्वानाचा हात आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. कोलंबोस जन्मलेले आनंद कुमारस्वामी हे १९१७ पासून अमेरिकेतील बॉस्टनच्या कलासंग्रहालयात भारतीय कलाविभाग सांभाळीत होते. नटराजाच्या मूर्तीचा अर्थ पाश्चात्त्यांस उलगडून सांगणारा हा माणूस. त्यांच्याच प्रयत्नाने १९२४ साली स्टीग्लिट्झची २७ छायाचित्रे त्या संग्रहालयाने देणगी म्हणून स्वीकारली. मोठ्या संग्रहालयाने फोटोला चित्राच्या व शिल्पाच्या पंक्तीला बसविल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. यंत्राने काढलेल्या कागदाला कलेचा दर्जा द्यावा की नाही, हा वाद तेव्हा पेटलेला होता. प्राचीन मूर्तींचा जाणकार या नव्या कलेच्या बाजूने उभा राहिला, यात आम्हांला नवल वाटत नाही. मूर्ती हे एखाद्या माणसाचे हुबेहूब चित्र नसते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हुबेहूबपणावाचूनही फोटो जगू शकतो, हे कळण्यास वेळ लागत नाही.

आता आपण मुंबईकडे येऊ. चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ साली जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. तो पैसा एकट्याच्या चित्रांवर न खर्चता त्यांनी नेपियन सी रोडवर एक कार्यशाळा थाटली. तेथे चित्रकारांना फोटोची अंधारखोली आणि चलच्चित्राचा कॅमेरा हाताळावयास मिळे. १९७२ पर्यंत ती चालली. सर जे. जे. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांनी तेथे कॅमेऱ्यावाचून छायाचित्रे केली. टालबटची ती जुनी युक्ती नव्या हेतूने मुंबईत अवतरली. अशा चित्राची निगेटिव्ह नसते, त्यामुळे त्याची दुसरी प्रत निघत नाही. फोटोच्या हव्या तितक्या प्रती निघतात, मग त्याला किंमत कसली, असा आक्षेप घेणाऱ्यांस हे एक परस्पर उत्तर आहे.

याच कार्यशाळेशी नसरीन मोहम्मदी यांचा संबंध होता. त्यांचा जन्म १९३७ सालचा, कराचीचा. बालपणीच त्या मुंबईस आल्या. शिक्षण लंडन व पॅरिस येथे झाले आणि १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या कलाशाळेत अध्यापन केले. शाई आणि पेन्सिल यांनी काढलेल्या त्यांच्या रेषाचित्रांना जाणकारांत मान होता. त्याबरोबरच त्या आयुष्यभर फोटो काढीत होत्या. किहीमच्या ओल्या वाळूवर भरती-ओहोटीने उमटविलेल्या रेघा, फत्तेपूर सिक्रीच्या फरशीचे सांधे, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, मागावर ताणलेले धागे हे त्यांचे विषय. विणकरांची वस्ती पाहिलेल्या नगरकराला तो ताणा ओळखीचा वाटेल. पण फोटोत विणकर नाही, लुगडे नाही, फक्त एकमेकांना न भेटणारे धागे उजेडात दूरवर गेलेले आहेत. पुढेपुढे मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचा हात त्यांच्या ताब्यात राहीना, तरी रेषेची शिस्त ढळली नाही. १९९० साली किहीम येथेच त्यांचे निधन झाले.

हयातीत त्यांनी हे फोटो कधीही प्रदर्शनात मांडले नाहीत. त्यांना नावे दिली नाहीत, तारखा घातल्या नाहीत. आता कल्पना करा, एखाद्या घरी आवराआवर करताना असा गठ्ठा हाती आला तर काय होईल? वाळू, फरशी, दोरे. 'यात आपले कोणीच नाही' असे म्हणून तो रद्दीत जाण्याचाच संभव अधिक. सुदैवाने तो जपणारी माणसे होती. मृत्यूनंतर ते फोटो लोकांपुढे आले आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी घेतलेली नवी इमारत उघडली, तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत नसरीन मोहम्मदी यांच्या कलेचे प्रदर्शन होते.

आमच्या मते अमूर्त छायाचित्राच्या इतिहासाचे सार येथे आहे. आजोबांचा फोटो नातवंडे जपतात, पुढाऱ्याचा अनुयायी जपतात, देवाचा भक्त जपतात. जो फोटो कोणाचाच नाही त्याला नातलग नसतो. संग्राहक हाच त्याचा नातलग होय. तो नसेल तर अशी कला जन्मते आणि कोणाला कळण्याआधी मरून जाते.

संग्राहक म्हटला की पैशाची गोष्ट निघणारच. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा ऱ्हाइन नदीचा एक फोटो २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. त्यातील माणसे आणि इमारत संगणकाने पुसून टाकलेली असून हिरव्या-करड्या आडव्या पट्ट्यांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. अशा बातम्यांनी मने चळतात. म्हणून एवढे ध्यानात ठेवावे की किमतीमागे काही साधी कारणे असतात. प्रती किती काढल्या, प्रत्येकीवर क्रमांक व सही आहे काय, प्रत निगेटिव्हच्याच काळात कलावंताच्या देखरेखीखाली निघाली की कित्येक वर्षांनी, कागद कोणता, तो ओलाव्यापासून, कसरीपासून व कडक उन्हापासून राखला गेला काय, हे पाहून जाणकार मोल ठरवितात. परंतु हे झाले बाजाराचे व्याकरण. विकून नफा होईल म्हणून घेतलेला फोटो आणि रोज पाहावासा वाटतो म्हणून घेतलेला फोटो यांत दत्तक आणि पोटभाडेकरू यांच्याइतके अंतर आहे.

खरा संग्राहक कसा असतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्याच्या काकासाहेब केळकरांनी लोक मोडीत काढीत असलेले दिवे, अडकित्ते, वज्रऱ्या गोळा केल्या, त्या वीस हजारांवर वस्तूंना अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातच १९२५ साली जन्मलेले नाट्याचार्य इब्राहिम अल्काझी यांनी उत्तरायुष्यात देशोदेशींच्या दुकानांतून व लिलावांतून हिंदुस्थानची जुनी छायाचित्रे परत मिळविली. मालकांच्या वारसांना नकोशी झालेली ती चित्रे आज अभ्यासकांची शिदोरी झाली आहेत.

नगरकरांना, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या रहिवाशांना, या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते पाण्याने आणि गोट्यांनी काळ्या पाषाणात हजारो वर्षे घुसळून कोरलेले आहेत. तेथे जाणारा प्रत्येक जण खडकावर उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतो. एकदा माणूस बाजूला सारून नुसत्या खडकाची वळणे, त्यात साठलेला अंधार आणि कडेवर सरकणारे ऊन चौकटीत घ्यावे. पाहणाऱ्याने 'हा कशाचा?' असे विचारलेच तर उत्तराची घाई करू नये. तो क्षणभर थांबला, पुन्हा पाहू लागला, की चित्राचे काम झाले.

आणि दुसरे काम याहून तातडीचे आहे. गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्ह पेट्यांतून पडून होत्या. कित्येक ठिकाणी त्यांवरचा थर खरवडून काचा चौकटींसाठी वापरल्या गेल्या. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे वाचविली नसती तर आपला केवढा इतिहास वाण्याच्या पुड्यांत गेला असता, हे आपण अभिमानाने सांगतो. फोटोंच्या बाबतीत तोच प्रसंग आज आपल्यावर आलेला आहे. ज्यांच्या घरी किंवा दुकानी अशा पेट्या असतील त्यांनी त्या ओल्या भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवाव्यात, पाठीमागे असेल ते नाव व साल उतरून घ्यावे आणि आपल्या शहरातील वस्तुसंग्रहालयाशी बोलणे करावे. त्या पेटीत ओळखीचे चेहरे निघतील ते नातलग घेऊन जातील. मागे एखादी काच उरेल, जिच्यावर नुसती सावली आहे, कोणी हौशी कारागिराने स्वतःच्या समाधानासाठी टिपलेली. ती फेकू नये. तिला आपल्यावाचून कोणी नाही.