राजाला सांभाळणार कोण?

आजचा विषय स्मृतिभ्रंश आणि घर. पण सुरुवात कोल्हापूरच्या गादीपासून करतो.

चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये, आठव्या वर्षी दत्तक आले. पुढे त्यांचं मन ठिकाणावर नाही, असं इंग्रज सरकारने ठरवलं. हा स्मृतिभ्रंश नव्हे, ते तर पोरसवदा होते. कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापलं. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण ज्यांच्यासाठी हे घडलं, त्यांचं पुढे काय झालं?

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीला ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात ते गेले. वय अवघं वीस. आता बघा, किल्ला होता, पहारा होता, सरकारी खर्च होता. पण उशाशी घरचं माणूस नव्हतं. बंदोबस्त होता, सोबत नव्हती.

आज आपल्या घरात नेमकं उलटं दिसतं. सोबत आहे, पण ती एकटीची. बहुतेक वेळा बायकोची, सुनेची नाहीतर लेकीची. दिवेलागणीला सासरे स्वतःच्याच घरात म्हणतात, "मला घरी सोड." तेच दहा वेळा विचारतात. रात्री उठून दाराची कडी काढतात. तिची झोप जाते. पुण्याचा दीर फोनवर म्हणतो, "वहिनी, काळजी घ्या हं." आणि आपण म्हणतो, साठी बुद्धी नाठी! या म्हणीपायी आजार वयाच्या खात्यावर जातो आणि डॉक्टर लांबतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. चांगलंच झालं. पण तो हक्क रोज रात्री कुणीतरी जागून सांभाळायचा असतो. जागून थकलेलं माणूस चिडतं, आवाज चढतो, समोरचं माणूस घाबरतं. तिथे दोष तिच्या मायेचा नाही, वाटणीचा आहे.

आपण जमिनीच्या वाटण्या कागदावर करतो ना? तशीच ही पण करा. आज भावंडांना एवढंच विचारा : रविवारी आबांजवळ कोण बसणार?