उचल आणि वेठ: शहापूर-मुरबाडच्या मजुरांचा इतिहास

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, सह्याद्रीला टेकलेले तालुके. इथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवर पावसाळ्यात भात, नागली, वरी पिकते. पण पुढचा पावसाळा लागेपर्यंत घरात दाणा उरेलच असे नसते. मजुरीचा इथला सारा इतिहास या टंचाईच्या महिन्यांतून घडला. आषाढात ज्याच्याकडून धान्य उचलले, त्याच्याच शेतावर हंगामभर राबून ते फेडायचे.

१८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली, १८६५ मध्ये थळ घाट चढून गेली. पुढे १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. शहराला लागणारे लाकूड, कोळसा आणि पाणी या भागातून जाऊ लागले, तर १८७८ च्या वन कायद्याने दळीची (डोंगरउतारावरची फिरती) शेती आणि जंगलावरची उपजीविका आवळली. खैराचा कात काढणारा कातकरी ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर मजूर झाला. या बदलाची खरी किंमत त्यानेच मोजली.

कर्जातून येणारी सर्वांत क्रूर गुलामगिरी लग्नाच्या वेळी सुरू होई. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला तरुण ‘लगीनगडी’ म्हणून बांधला जाई आणि बायकोही त्याच्याबरोबर राबे. व्याजाचा हिशोब मालकाच्या वहीत असल्याने कर्ज संपत नसे. १९३० च्या दशकाअखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात ही प्रथा नोंदली आहे. शेजारच्या कल्याण तालुक्यात, टिटवाळ्याला, जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ व लगीनगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदाही आला. पण उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, राहिली. तिची जागा फक्त बदलली. दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर नवराबायकोची जोडी जाते. मजुरी हजार विटांवर ठरते. बाजाराच्या दिवशी हाती पडते ती फक्त खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चापुरते पैसे. बाकीचा हिशोब पावसाच्या तोंडावर होतो आणि त्यातून आधीची उचल वळती होते. पैसे अंगावर निघाले, तर पुढल्या वर्षीही तीच भट्टी.

अशा मजुराची संघटना कामाच्या जागी बांधणे अवघड, कारण ती जागा दरवर्षी बदलू शकते आणि मजुराचा भोंगा, म्हणजे तात्पुरती झोपडी, मालकाच्या आवारातच असतो. म्हणून इथे संघटना पाड्यावर बांधली गेली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८० च्या दशकात वसईतून उभ्या केलेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवून त्यांना मुक्तीचे दाखले मिळवून दिले; शहापूरच्या पाड्यांवरही ती पोहोचली. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालवल्या. मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेने जमिनीचा आणि काळू धरणाखाली जाणाऱ्या गावांचा प्रश्न न्यायालयात नेला. मजुरी आणि जमीन इथे वेगळी काढताच येत नाहीत.

कायदा मजुराच्या बाजूने आहे. वेठबिगारीच्या कायद्यात, घेतलेले पैसे वेठीचे कर्ज नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हेही सक्तीचे श्रम ठरवले. अडते ते आषाढात. त्या महिन्यांसाठी सरकारची खावटी योजना होती. मधल्या काळात ती बंद पडली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुटुंबाला ४,००० रुपयांचे अनुदान ठरले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. भट्टीमालक एका जोडीला हंगामासाठी देतो ती उचल याहून कितीतरी मोठी असते.