वनौषधीयुक्त हायड्रोजेल पट्टी

वनौषधीयुक्त हायड्रोजेल पट्टी हे वनस्पतींचे अर्क किंवा त्यांतील क्रियाशील घटक सामावलेले, जखमेवर लावायचे ओलसर आवरण होय. अल्जिनेट, कायटोसान, जिलेटिन अशा पॉलिमरांच्या गुंफलेल्या साखळ्यांचे जाळे त्यात भरपूर पाणी धरून ठेवते.

पार्श्वभूमी

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की, झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर उघड्या जखमांपेक्षा लवकर नवी बाह्यत्वचा येते. ओलसर पट्ट्यांचा वापर या तत्त्वावर आधारलेला आहे.

औषधी घटक

हळदीतील कर्क्युमिन, कोरफडीच्या गरातील असेमॅनन आणि मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड यांवर विशेष संशोधन झाले आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते सूक्ष्मकणांत बांधून जेलमध्ये मिसळतात. तेथून ते जखमेत हळूहळू उतरते.

परंपरा आणि पुरावा

जखमेवर हळद वापरण्याबाबत १९९५ साली अमेरिकेत दिलेले पेटंट, भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केल्यावर, १९९७ साली रद्द झाले. त्यातून हा वापर जुना असल्याचे सिद्ध झाले. त्याची परिणामकारकता मात्र चिकित्सालयीन चाचण्यांनीच ठरते. या पट्ट्यांविषयीचे बहुतांश संशोधन अद्याप प्रयोगशाळेपुरते व प्राण्यांपुरते मर्यादित आहे.

मर्यादा

जमीन, ऋतू व काढणीनुसार अर्कातील घटकांचे प्रमाण बदलते; त्यामुळे प्रमाणीकरण आवश्यक असते. फार स्रवणाऱ्या जखमेवर हायड्रोजेलमुळे भोवतालची त्वचा भिजून मऊ पडू शकते. घरातील हळदपूड किंवा कोरफडीचा ताजा गर निर्जंतुक नसल्याने या पट्टीला पर्याय ठरत नाही.