पुढच्या रांगेचे मोल

मैफलीच्या तिकिटात दोन किमती मिसळलेल्या असतात. एक गाणे ऐकण्याची आणि दुसरी बसण्याच्या जागेची. पूर्वी या दोहोंतील अंतर फारसे नसे. आज ते इतके वाढले आहे की, दुसरी किंमत पहिलीला गिळू पाहते. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्या वेळी सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचे आणि खास कक्षातील जागा ३५,००० रुपयांची होती. गाणे एक, गायक एक, वेळही एकच. पण दरांत चौदापटींचा फरक. ‘व्हीआयपी पॅकेज’ या नावाने जे विकले जाते, ते या फरकातच दडलेले असते.

आपल्यासारख्या जुन्या वस्तीच्या मराठी घरांतून हा प्रश्न हल्ली वारंवार निघतो. नातवंडांना जायचे असते आणि पैसे पुष्कळदा आजोबांच्या मुदतठेवीतून निघायचे असतात. ‘एवढे पैसे द्यावेत का?’ या प्रश्नाला ‘आमच्या काळी असले काही नव्हते’ हे उत्तर पुरेसे नाही. ते खरेही नाही. पुढच्या रांगेची कथा आपल्या संगीताच्या इतिहासात चांगलीच जुनी आहे आणि तिचा पूर्वार्ध आपल्याच गावांत घडला आहे.

संस्थानी दरबारात गाणे विकत मिळत नसे. बडोद्यास गायक-वादकांसाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचे स्वतंत्र खातेच होते. कलावंत पगारी नोकर असत आणि श्रोते निमंत्रित. कोण कोठे बसणार हे दौलतीतील दर्जावरून ठरे. सरदार, मानकरी, कारभारी, मग इतर, असा तो क्रम असे. पुढची जागा हा मान होता आणि त्याला दाम नव्हते. मात्र पुढे बसणाऱ्याला गाणे कळलेच पाहिजे, अशी अट कोणीही घातलेली नव्हती.

ग्वाल्हेर घराण्याची एक आख्यायिका या संदर्भात मोठी बोलकी आहे. शिंदे दरबारात बडे महंमदखाँ नावाचे थोर ख्यालगायक होते. हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या तरुण बंधूंना त्यांची गायकी शिकायची होती. पण दुसऱ्या घरच्या मुलांना ती उघड मिळणे शक्य नव्हते. तेव्हा महाराजांनी या दोघांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे ऐकण्याची सोय करून दिली, असे सांगतात. आख्यायिकेतील तपशील निरनिराळे सांगितले जातात, तरी तिचे मर्म एकच आहे. त्या दरबारातील सर्वांत मोलाची जागा पुढची नव्हती, पडद्यामागची होती. तेथे मान नव्हता, गायकाचे दर्शनही नव्हते. होते ते फक्त ऐकणे. आणि त्या ऐकण्यातून एक गायकी आकाराला आली.

पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरास वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून हीच गायकी आत्मसात केली आणि दक्षिणेत नेली. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) शिकले. १८९६ मध्ये मिरज सोडून पलुसकर भ्रमंतीस निघाले आणि सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. राजवाडा आणि देऊळ यांच्या बाहेर, माफक प्रवेशमूल्य घेऊन सर्वसामान्यांसाठी झालेली ही पहिली मैफल, अशी तिची नोंद संगीताच्या इतिहासात केली जाते. दरबारातील पडद्याआडून सुटलेली विद्या अशी काही पिढ्यांतच तिकीटबारीवर येऊन उभी राहिली.

हा बदल आज साधा वाटतो, तेव्हा तो नव्हता. तिकिटाने पहिल्यांदा असे ठरवले की, ऐकण्याचा अधिकार जन्मावर वा हुद्द्यावर नाही, तर इच्छेवर आणि थोड्याशा पैशांवर आहे. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते राजाश्रयावर नव्हे तर लोकाश्रयावर. मैफलीची मिळकत ते विद्यालयाकडे वळवीत. मुंबईतील इमारतीपायी झालेले कर्ज मात्र फिटले नाही आणि अखेर ती वास्तू हातची गेली. तरीही तिकिटाचा पैसा कोठे जातो, हा प्रश्न त्यांच्या श्रोत्याला कधी पडला नसेल. कारण उत्तर समोर दिसत होते.

तिकीट आले की दर आले आणि दर आले की वर्ग आले. संगीत नाटकाच्या थिएटरात पुढच्या खुर्च्या महाग आणि पिट स्वस्त. ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत थोड्याशा तुच्छतेने रूढ झाला. परंतु पदाला ‘वन्समोअर’ कोठून येतो याकडे नटांचे कान असत, आणि तो पुष्कळदा पिटातूनच येई. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात पुढच्या खुर्चीला एक सबळ कारणही होते. मुरकी, मींड, श्वासाची जागा हे सारे जवळ बसणाऱ्यालाच नीट ऐकू येई. जादा दर हा तेव्हा बऱ्याच अंशी ऐकण्याचाच दर होता.

जादा पैसे देणे सर्वार्थाने योग्य ठरले, असा एक प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन कलावंत त्यात एकत्र आले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे ठेवले होते, कारण उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जायचे होते. महागडे तिकीट घेणाऱ्याला त्या रात्री काय मिळाले? एरवी एकत्र न येणारे दोन आवाज ऐकायला मिळाले आणि त्याचे पैसे आपल्या देशकार्याला लागले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. प्रयोगाला तीन महिनेही झाले नव्हते. ज्यांनी ‘दर फार आहे, पुढच्या वेळी पाहू’ असे म्हटले असेल, त्यांच्यासाठी ती पुढची वेळ उरली नव्हती.

म्हणजे चढा दर हा नेहमीच लूट असतो असे नाही. परंतु मानच विकायला काढण्याची कल्पना आपल्या रंगभूमीची नव्हे. तिचे ठळक उदाहरण पाहायचे तर सत्तर वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागते. १८५० मध्ये स्वीडनची विख्यात गायिका जेनी लिंड हिला पी. टी. बार्नम या खेळ-तमाशांच्या व्यापाऱ्याने एका कार्यक्रमाला हजार डॉलर अशा बोलीवर अमेरिकेत आणले. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये पहिला कार्यक्रम ठरला. बार्नमने तिकिटांचा जाहीर लिलाव पुकारला आणि पहिले तिकीट जेनिन नावाच्या टोप्यांच्या दुकानदाराने २२५ डॉलरांना घेतले. त्याचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले आणि त्याच्या टोप्यांचा खप वाढला. पुढे बॉस्टनला पहिल्या तिकिटाला ६२५ डॉलर आले आणि प्रॉव्हिडन्सला ६५०. हे ६५० डॉलर मोजणारे गृहस्थ कार्यक्रमाला आलेच नाहीत, असे सांगतात.

हा तपशील विसरण्याजोगा नाही. तिकीट घेऊनही गाणे ऐकले नाही, तरी खरेदी सार्थकी लागली. कारण विकत घेतले होते ते गाणे नव्हते, नाव होते. लिंडने स्वतः मिळकतीचा मोठा भाग धर्मादायाला दिला आणि १८५१ मध्ये बार्नमशी असलेला करार संपवला. बार्नमची रीत मात्र टिकली.

आपल्याकडे ‘व्हीआयपी’ या शब्दाला बरीच वर्षे अगदी उलट अर्थ होता. व्हीआयपी म्हणजे तिकीट न काढणारा. शासकीय सेवेत असताना मी अशा रांगेत पुष्कळदा बसलो आहे, म्हणून अधिकाराने सांगू शकतो. पुढच्या सोफ्यांवर पांढरे अभ्रे, समोर पाण्याच्या बाटल्या, आणि प्रमुख पाहुणे उठले की विलंबित ख्याल अर्ध्यावर सोडून निम्मी रांग रिकामी. जाणकार मंडळी मागे सतरंजीवर बसलेली असत आणि गवयाची नजर रिकाम्या सोफ्यांवरून त्यांच्याकडे जाई. दरबारातील मानाचीच ही लोकशाही आवृत्ती म्हणायची. आजच्या पॅकेजने हा मान पैसे देणाऱ्या कोणालाही खुला केला. त्यात एक प्रकारची समताही आहे, हे मान्य केले पाहिजे. पण बदलली ती मानाची किंमत. मानाचा आणि ऐकण्याचा संबंध होता तेवढाच राहिला.

ही पॅकेजे अलीकडे एवढी का फोफावली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कॅसेट आणि सीडी यांच्या काळात पाश्चात्त्य कलावंतांचे दौरे पुष्कळ अंशी ध्वनिमुद्रिका खपवण्यासाठी असत, म्हणून तिकीट फार महाग ठेवून चालत नसे. १९९४ मध्ये ‘ईगल्स’ या वाद्यवृंदाच्या तिकिटांनी शंभर डॉलरांचा टप्पा ओलांडला, तेव्हा केवढी चर्चा झाली. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, संगीत संगणकावरून फुकट फिरू लागले आणि ध्वनिमुद्रिकांची मिळकत आटली. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी या काळातील दरवाढीची चिकित्सा करताना हेच कारण पुढे मांडले. मुद्रिकेतून गेलेले पैसे मैफलीतून वसूल होऊ लागले. शिवाय चांगल्या जागा काळ्या बाजारात कितीतरी पटींनी विकल्या जातात हे दिसल्यावर, तो नफा दलालाला का द्यावा, असा विचार आयोजकांनी केला. व्यापार म्हणून त्यात वावगे काही नाही. आपण मात्र ग्राहक म्हणून तितकेच जागे असावे.

पॅकेजात काय असते ते एकदा शांतपणे वाचावे. लवकर प्रवेश, वेगळी रांग, खाणे-पिणे, गळ्यात अडकवण्याचे स्मृतिपत्र, एखादा सदरा, क्वचित कलावंतासोबत छायाचित्र. मंचालगतच्या जागेत पुष्कळदा खुर्चीच नसते, उभे राहायचे असते. ‘लवकर प्रवेश’ याचा अर्थ तीन-चार तास अधिक उभे राहणे असाही होतो. छायाचित्राची भेट काही क्षणांची असते. कार्यक्रमाची तारीख बदलली तर पैसे परत मिळण्याचे नियम कडक असतात, आणि हे सारे बारीक अक्षरांत असते. आयुष्यभर निविदांच्या अटी वाचलेल्या आपल्यासारख्यांनी निदान ही अक्षरे तरी वाचावीत.

आवाजाचे म्हणाल, तर जुना नियम येथे लागू पडत नाही. मोठ्या मैदानावरील कार्यक्रमात आवाजाचा समतोल साधणारा तंत्रज्ञ आपले यंत्र घेऊन मंचापासून बऱ्याच अंतरावर, समोर मध्यभागी बसतो. तो स्वतःच्या कानांनी ऐकून आवाज जुळवतो. म्हणून त्याच्या आसपास सर्वांत नीट ऐकू येते. अगदी पुढे, मंचाच्या कडेला, ढोलाचे धक्के छातीवर बसतात आणि शब्द हरवतात. ध्वनिक्षेपकाने पुढच्या रांगेचे मूळ कारणच काढून घेतले आहे. तेथे जवळून दिसते हे खरे. अधिक चांगले ऐकू येतेच असे नाही.

तेव्हा निर्णय कसा करावा? किमतीतून साध्या तिकिटाची रक्कम वजा करावी आणि उरलेले पैसे कशाचे, हे स्वतःला विचारावे. ते चांगल्या ऐकण्याचे असतील, छोट्या सभागृहातील जवळच्या खुर्चीचे असतील, तर द्यावेत. गुडघे दुखत असतील आणि त्यांत खात्रीची खुर्ची, जवळचे वाहनतळ आणि स्वच्छ प्रसाधनगृह मिळत असेल, तर उतारवयात त्यालाही चैन म्हणू नये. कलावंत पुन्हा ऐकायला मिळण्याचा संभव नसेल, तर ‘संयुक्त मानापमान’ आठवावे. मात्र तेव्हाही साधे तिकीट मिळत असेल, तर गाणे त्याच्यावरही तेवढेच आहे. उरलेले पैसे केवळ नावाचे, स्मृतिपत्राचे आणि वेगळ्या दाराचे असतील, तर ते प्रॉव्हिडन्सच्या त्या गृहस्थांसाठी सोडून द्यावेत.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह आजही प्रवेशशुल्काविना ऐकता येतो. पुण्यात भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात सोफे आणि खुर्च्या आहेत, तशीच स्वस्त भारतीय बैठकही आहे, आणि तेथील रसिकांची दाद कलावंतांना मोलाची वाटते. आपल्या गावांतील संगीत-मंडळे मात्र सभासदांच्या वार्षिक वर्गणीवर जेमतेम तग धरून आहेत. एका रात्रीच्या ३५,००० रुपयांत अशा मंडळाची एखादी छोटी बैठक सहज उभी राहील. तरुण गवयाला बिदागी मिळेल, तबलजीला मिळेल आणि पाच-पन्नास लोक अगदी जवळून, ध्वनिक्षेपकाविना ऐकतील. नातवंडांना त्यांच्या आवडीचे साधे तिकीट जरूर काढून द्यावे. त्यांचे संगीत त्यांनी ऐकलेच पाहिजे. आणि वाचलेल्या पैशांतून मंडळाची थकलेली वर्गणी भरून पुढच्या बैठकीला त्यांना सोबत न्यावे. तेथे पहिली रांग जो वेळेवर येईल त्याची असते.