कोंडवाडा आणि त्याचा जाब

दाटीवाटीच्या खोलीला कोंडवाडा म्हणणाऱ्या शहरवासीयांस हा शब्द आतां केवळ उपमेपुरता ठाऊक आहे. मूळचा कोंडवाडा ही कायद्यानें चालणारी सरकारी संस्था होती आणि खेड्यांतील गरीब कुणब्याला सरकारची ओळख पुष्कळदां तिच्या दारांतच होई.

१८५७ च्या तिसऱ्या कायद्यानें या संस्थेस रूप आलें व १८७१ च्या पहिल्या कायद्यानें तें पक्कें झालें. पिकांत शिरलेलें जनावर शेतकऱ्यानें धरून चोवीस तासांच्या आंत कोंडवाड्याकडे धाडावें आणि धन्यानें दंड व वैरणपाण्याचा खर्च भरून तें सोडवावें, अशी योजना होती. हत्तीला २ रुपये, उंट वा म्हशीला ८ आणे, गाय, बैल वा घोड्याला ४ आणे, वासरू, गाढव वा डुकराला २ आणे आणि शेळीमेंढीला १ आणा, असे दंडाचे दर होते. (कायदा कलकत्त्याहून निघालेला, देशावरच्या कोंडवाड्यांत हत्ती कोठून यावा?) सात दिवसांत धनी न आल्यास पोलिसांकडे वर्दी जाई, दवंडी पिटे आणि आणखी सात दिवसांनीं लिलाव होई.

कायदा करणारांनीं रखवालदाराला मोकळें सोडलें नव्हतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तो सरकारी नोकर ठरे. आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद त्यानें ठेवावी, त्यास पुरेसें चारापाणी द्यावें, दराची यादी कोंडवाड्यापाशीं लावावी. चुकल्यास ५० रुपयांपर्यंत दंड. लिलावांत त्यानें व पोलिसांनीं जनावर विकत घेऊं नये, असेंही स्पष्ट कलम होतें. असें कलम घालावेंसें वाटलें, यांतच सर्व आलें. बेकायदा धरपकडीबद्दल दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करतां येई आणि १०० रुपयांपर्यंत भरपाई मिळे.

परंतु जाब मागणार कोण? यादी भिंतीवर, आणि वाचतां येणारे गांवांत थोडे. वैरणीचे दर ठरविणारा मॅजिस्ट्रेट, कोंडवाडा त्याच्याच ताब्यांत, आणि गाऱ्हाणें ऐकणाराही तोच. फिर्यादीसाठीं खेटे घालावे तों इकडे चाऱ्याचा आकार रोज वाढे. ऐन पेरणींत बैल अडकला तर चार आणे मुकाट्यानें मोजणें हाच शहाणपणा ठरे. मुंबईच्या पांजरपोळाशीं ही स्थिति ताडून पाहण्यासारखी आहे. १८३२ च्या कुत्र्यांच्या दंग्यानंतर सर जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें १८३४ मध्यें तें उभें राहिलें. तेथें पैसा देणारे व्यापारी होते आणि कारभार विचारण्याचा अधिकारही त्यांचाच होता. कोंडवाड्याचा खर्च भागे तो ज्यांचीं जनावरें कोंडलीं जात त्यांच्याच दंडांतून. उरलेली रक्कम रस्ते व पूल यांकडे लावण्याची तरतूद होती, पण दंड भरणाऱ्याला हिशेब विचारण्याची वाट नव्हती.

जंगलाच्या कायद्यानें दुखणें वाढविलें. १८७८ च्या या कायद्यान्वयें राखीव रानांत शिरलेल्या गुरांचा दंड चढविण्याची मुभा सरकारास मिळाली: गाईबैलाला १ रुपयापर्यंत, शेळीमेंढीला ८ आण्यांपर्यंत. म्हणजे चौपट आणि आठपट! पूर्वीच्या तंट्यांत दुसऱ्या बाजूस शेजारचा शेतकरी असे व पाटलाच्या मध्यस्थीनें कांहीं तोड निघे. आतां फिर्यादी सरकार, धरणारा जंगलचा शिपाई आणि कोंडणारेंही सरकारच. जेथें पिढ्यान् पिढ्या गुरें चरत आलीं, तें रान रातोरात परकें झालें.

१८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत जंगलखात्यानें डोंगर व गायरानें घशांत घातल्याची तक्रार कडक शब्दांत मांडलेली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ओरड इतकी वाढली कीं, १८८५ मध्यें सरकारला जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें निघाला. तरी चराईचें गाऱ्हाणें मिटलें नाहीं. जुलै १९३० मध्यें लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळच्या राखीव रानांत जाऊन गवत कापलें आणि अटक करून घेतली. त्याच वर्षीं संगमनेर, बिळाशी, चिरनेर येथील शेतकरीही कुऱ्हाडी, विळे घेऊन रानांत शिरले.