जांभळा शिंजीर व जांभळ्या पाठीचा शिंजीर यांतील फरक

जांभळा शिंजीर (शास्त्रीय नाव: सिनिरिस एशियाटिकस) व जांभळ्या पाठीचा शिंजीर (लेप्टोकोमा झेलोनिका) हे महाराष्ट्रातील बागांत आढळणारे, सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे, बाकदार चोचीचे पक्षी आहेत. विणीच्या काळात पहिल्याचा नर सर्वांगी चकाकदार जांभळट काळा असतो; दुसऱ्याच्या नराचे पोट पिवळे असते. माद्या मात्र सहज ओळखू येत नाहीत. त्यांचा गळा पाहावा लागतो: पहिल्या जातीच्या मादीचा गळा पोटाप्रमाणेच पिवळसर, तर दुसरीच्या मादीचा राखाडी-पांढरा असतो. विणीनंतर जांभळ्या शिंजिराचा नर मादीसारखा दिसतो व नोंदींत मादी म्हणून गणला जाऊ शकतो. परंतु त्याच्या हनुवटीपासून पोटापर्यंत गडद पट्टा असतो.