खंडेराव मार्केट आणि ममता कार्डावरच्या रिकाम्या चौकटी

मंडळी, आपण बडोदेकर सुरसागर, न्यायमंदिर, मांडवी यांच्या आठवणी भरभरून लिहितो. आज जरा जड आठवण लिहितेय.

सयाजीराव महाराजांनी 1906 साली उभारलेल्या खंडेराव मार्केटात आता महानगरपालिकेची कचेरी आहे. त्यामुळे 2020 साली गावाचं सगळं लक्ष त्या इमारतीकडे लागलेलं. रोज आकडे यायचे. नवे रुग्ण किती, बरे किती, गेले किती. एप्रिलात नागरवाडा रेड झोन झाला तेव्हा तर आम्ही पोळीचा घास हातात धरून बातम्या ऐकायचो.

पण एक आकडा रोज कुणी सांगत नव्हतं. किती गरोदर बायकांची तपासणी राहिली आणि किती बाळांची लस चुकली?

25 मार्चपासून लॉकडाऊन लागला. गुजरातेत आंगणवाडीत ममता दिवस असतो. तिथेच गरोदर बाईचं वजन, रक्तदाब बघतात आणि बाळाला लस देतात. साथीत त्याचा क्रम विस्कटला. आशाबेन कोरोनाच्या सर्वेला जुंपल्या. रिक्षा बंद, आणि दवाखान्यात गेलं तर रोग घेऊन येऊ ही धास्ती वेगळीच.

माझी भाची इथेच दिलेली, तेव्हा सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला, असं ठरलेलं. पण राज्याची हद्द ओलांडता येईना. डिंकाचे लाडू कसे वळायचे ते बहीण मला फोनवर सांगायची आणि मधेच गप्प व्हायची. ज्या खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं तिथली ओपीडी बंद, म्हणून महिनाभर तपासणी नाही. रक्तदाब वाढल्याचं उशिराच कळलं. दोघं सुखरूप सुटली, पण बाळाची दीड महिन्याची लस अडीच महिन्यांनी मिळाली.

आपल्या पणज्या 1918 च्या साथीला मानमोडी म्हणायच्या. तीत गरोदर बायका फार दगावल्या. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्या वेळी लस नव्हती, औषध नव्हतं. आपल्याकडे 2020 साली दोन्ही होतं, फक्त ते बाळापर्यंत पोचवणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 2021 मध्ये हिशेब मांडला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली भारतातली बाळं 2019 साली सुमारे 14 लाख होती, ती 2020 साली सुमारे 30 लाख झाली. राहिलेल्यांना गाठायला सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये मिशन इंद्रधनुषची खास मोहीम काढली. तरी 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला आणि त्यात लहान मुलं गेली. चुकलेली लस अशी दोन वर्षांनी वसुलीला येते.

तेव्हाची बाळं आज शाळेत जातात. घरात असं नातवंड असेल तर कपाटातून ममता कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांचा आणि डीपीटीचा दुसरा बूस्टर 5 ते 6 वर्षांचा, एवढं तरी बघा. चौकट रिकामी दिसली तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. आणि कामवाल्या बेनच्या मुलांचं कार्डही बघायला मागा, बरं का.